मनगटाचं सांगायचं राहिलं होतं

व्हँकुव्हर, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

माझं मनगट मोडलं होतं हे तुम्हाला कळलंय, हे मला दादाकडून कळलं. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं म्हणे. गेल्या रविवारी आई, तू फोनवर भाजी कोणती केलीस एवढंच विचारलंस, आणि बाबा, तुम्ही तर फोन हातातच घेतला नाहीत. ओरडला असतात तर परवडलं असतं. म्हणून पत्र लिहितेय, फोनवर मी पुन्हा काहीतरी थाप मारीन याची मला खात्री आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत मी दीड महिना 'कॅमेरा बिघडलाय, नुसतं बोलू या' म्हणत होते ना, तेव्हा उजव्या हाताला प्लास्टर होतं. हाड सरकलं नव्हतं, नुसती चीर गेली होती. आता काही दुखत नाही. पोळ्या लाटतानाही नाही, असं लिहिणार होते, पण पोळ्या मी विकत आणते. हेही आजच सांगून टाकते.

स्नोबोर्डवरून पडले. दादानं तुम्हाला 'बर्फावरची घसरगुंडी' असं काहीतरी सांगितलंय, ते मनातून काढा. दीडेक मीटरची फळी असते, तिच्यावर दोन्ही पाय आडवे, घट्ट बांधलेले. हातात काठ्या नाहीत. उतरायचं ते एक खांदा पुढे करून. फळीच्या कडांना पोलादी पट्टी असते, तिला एज म्हणतात. टाचांवर भार दिला की मागची एज बर्फात रुतते, चवड्यांवर दिला की पुढची. सगळी करामत या एजवरून त्या एजवर जाण्यात आहे. मधल्या क्षणी फळी सपाट राहिली आणि उताराकडची एज चुकून बर्फात अडकली, तर माणूस धोपटल्यासारखा आपटतो. नवखा माणूस पडताना हात पुढे टाकतो, तसा मीही टाकला. मूठ आवळून, कोपरापासूनचा हात टेकवत पडायचं असतं. हे पहिल्याच तासाला शिकवतात, आणि मी पहिल्या तासाला फोटो काढत होते.

बाबा, हा खेळ वयानं तुमच्याहून लहान आहे. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थानं मुलींना खेळायला दोन स्की एकमेकींना जोडून दिल्या, तिथून सुरुवात. १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये तो आला आणि पहिलं सुवर्णपदक कॅनडाच्याच रॉस रेबग्लियाटीला मिळालं. मग त्याच्या तपासणीत गांजाचा अंश निघाला म्हणून पदक काढून घेतलं, आणि गांजा बंदीच्या यादीतच नव्हता म्हणून परत दिलं! (आई, मी ओढत नाही.)

तुमचा खरा राग खेळावर नाही, रस्त्यांवर आहे हे मला माहीत आहे. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं, रात्रीची गाडी, बर्फाचा घाट. दादाला तुम्ही विचारलंत म्हणे, 'तिला एवढं लांब जायचं कारणच काय?' जवळ डोंगर आहेत, बाबा, तासाभरावर आहेत. पण समुद्राच्या कडेला असल्यामुळे तिथला बर्फ ओला आणि जड. २०१० च्या इथल्या ऑलिम्पिकला सायप्रस नावाच्या जवळच्याच डोंगरावर (सायप्रस देश नव्हे) ट्रकनं आणि हेलिकॉप्टरनं बर्फ आणून टाकावा लागला होता. आत, पूर्वेकडे रेव्हलस्टोक नावाच्या गावी गेलं की बर्फ कोरडा, भाजलेल्या रव्यासारखा सुटा. म्हणून जायचं. उन्हाळ्यात सहा तासांचा रस्ता, हिवाळ्यात आम्ही आठ धरतो.

गाडीत आम्ही तिघं. ऑफिसातली मैत्रीण, तिचा क्युबेकचा नवरा आणि मी. मागच्या सीटवर बूट, हेल्मेटं, फावडी आणि तू पाठवलेलं भडंग. भडंगात कांदा कापून घालायचा हे त्या दोघांना आता सांगावं लागत नाही.

होप गावाच्या पुढे कोकिहाला नावाचा घाट लागतो, माथा १,२४४ मीटर. ऑक्टोबर ते एप्रिल हिवाळी टायर घातल्याशिवाय तिथे गाडी घालताच येत नाही, कायदाच आहे. पहिल्यांदा तो उतरले तेव्हा पांढऱ्या रस्त्यावर पांढरा बर्फ तिरका येत होता आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे मध्येच दिसेनासे होत होते. क्युबेकवाला शेजारी बसला होता. मी गाडी मॅन्युअलवर टाकली, दुसऱ्या गियरमध्ये आणली आणि ब्रेकवरचा पाय काढून घेतला. तो म्हणाला, 'तुमच्याकडे बर्फ पडतो?' मी म्हटलं, बर्फ नाही, पण आमच्याकडे कुंभार्ली आहे, आणि माझ्या बाबांनी तिथे बावीस वर्षं एसटी चालवलीय. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही काय म्हणायचात, ते त्याला सांगितलं नाही. भाषांतर होण्यासारखं नव्हतं.

आता गेल्या महिन्याचं. हे दादालाही माहीत नाही.

रेव्हलस्टोकहून आम्ही पुढच्या गोल्डन गावाला निघालो होतो. अंतर १४८ किलोमीटर, पण मध्ये रॉजर्स पास नावाची खिंड. दोन्ही बाजूंना डोंगर इतके सरळ अंगावर आलेले की गाडीतून माथे दिसतच नाहीत. आपल्याकडे पावसात दरड येते तसा इथे वरून बर्फाचा कडा सुटतो. त्यावर यांनी काढलेला उपाय तुम्हाला आवडेल: सैन्य तोफा घेऊन येतं. खरोखरच्या, १०५ मिलिमीटरच्या. रस्ता रिकामा करायचा, वरच्या बर्फावर गोळे टाकायचे आणि तो बेतानं, आपल्याला हवा तेव्हा खाली पाडायचा. हा महामार्ग १९६२ मध्ये खुला झाला, तेव्हापासून दर हिवाळ्यात हेच चालू आहे.

त्या दिवशी रस्ता बंद झाला आणि आम्ही अडीच तास रांगेत उभे राहिलो. पुढे मागे सगळे ट्रक, आणि निम्म्याहून जास्त ड्रायव्हर पंजाबी. एका सरदारजी काकांनी थर्मासमधला चहा दिला, वेलची घातलेला. बाबा ड्रायव्हर होते म्हटल्यावर त्यांनी तुमची चौकशी केली, कोणती गाडी, किती वर्षं, पेन्शन किती. पेन्शनचा आकडा ऐकून गप्पच झाले. तेवढ्यात लांबून एक धप्प आवाज आला. मोठा नाही, वरच्या मजल्यावर कुणी गादी टाकल्यासारखा. गाडीतल्या कपातला चहा थरथरला.

त्याच खिंडीतलं काकांनी सांगितलं. तेव्हा तिथून रेल्वे जायची. १९१० च्या मार्चमध्ये रुळांवर बर्फाचा कडा येऊन पडला होता आणि कामगार रात्री तो उपसत होते. सगळ्यांचं लक्ष ज्या डोंगरावरून बर्फ आला त्याच्याकडे. दुसरा कडा समोरच्या डोंगरावरून आला. ५८ माणसं गेली, त्यातली बरीच जपानी मजूर. त्यानंतर रेल्वेनं खिंडीचा नाद सोडून डोंगराखालून आठ किलोमीटरचा बोगदा खणला, १९१६ पासून गाड्या तिथून जातात. ऐकताना मला तुम्ही आठवलात. दरड उपसणाऱ्या जेसीबीजवळून गाडी काढताना तुम्ही क्लीनर बाजूला नेहमी कुणाला तरी वर बघायला बसवायचात.

रस्ता खुला झाला तेव्हा दोन वाजून गेले होते. इथे ॲव्हलान्चचा, म्हणजे असा बर्फाचा कडा सुटण्याचा, धोका रोज एक ते पाच अशा पायऱ्यांत जाहीर होतो, त्या दिवशी चार होता. क्युबेकवाल्याचा बेत असा की गोल्डनला पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या हद्दीच्या दोरीबाहेर, मोकळ्या डोंगरावर जायचं. आमच्याकडे सामान होतं सगळं. अंगावर बांधायचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारं यंत्र), बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी, फावडं. दोन दिवसांचा कोर्सही केलाय आम्ही तिघांनी. पण त्याच कोर्समध्ये शिकवलं होतं की गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली दहा-पंधरा मिनिटंच असतात, पुढे आशा झपाट्यानं कमी होते. मी म्हटलं, मी परत फिरतेय, गाडी माझी आहे.

तो चिडला. परतीच्या वाटेवर तासभर कुणी बोललं नाही. मला सारखा हेळवाकचा तो पाऊस दिसत होता. मी सातवीत असेन, तुमच्या मागच्या सीटवर. घाटाच्या तोंडाशी तुम्ही गाडी बाजूला घेतलीत आणि चावी खिशात टाकलीत. चिपळूणचे लोक शिव्या देत होते, एकाला कोर्टाची तारीख होती, एक बाई रडत होती. तुम्ही टपरीवर जाऊन चहा सांगितलात. दरड आली का त्या रात्री? मला आठवत नाही. आली नसावी. आली असती तर घरात सांगण्यासारखी गोष्ट झाली असती.

आमच्याही वेळी काही झालं नाही. ज्या डोंगरावर जाणार होतो तिथे दुसऱ्या दिवशी काही पडल्याचं कुठे ऐकलं नाही. तो मित्र अजून अधूनमधून टोमणा मारतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेव्हलस्टोकलाच, दोरीच्या आत राहिलो. तिकीट शंभर डॉलरच्या वर, रुपयांत करू नका. वरच्या लिफ्टपासून पायथ्यापर्यंत १,७१३ मीटर उतार. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६, म्हणजे त्याहूनही जास्त. मी काही एका दमात उतरत नाही. तीन वेळा मांड्या धरून बसते आणि आठ-नऊ वर्षांची पोरं शिट्ट्या मारत बाजूनं जातात. माझी लायकी एवढीच आहे, स्पर्धा वगैरे काही नाही.

पण त्या दिवशी सकाळी रात्रभर पडलेला बर्फ कुणी तुडवलेला नव्हता. देवदारांमधून जायची वाट. गुडघाभर भुसभुशीत बर्फात फळीचा आवाजच येत नाही. वळताना बर्फ छातीपर्यंत उडतो आणि क्षणभर समोरचं काही दिसत नाही, मग एकदम झाड, पुढे उजेड, पुन्हा झाड. वजन मागच्या पायावर ठेवायचं, नाहीतर फळीचं नाक बुडतं. मी मोठ्यानं ओरडत होते, आणि मराठीत, असं मैत्रीण म्हणते. काय ओरडत होते ते विचारू नकोस, आई.

अशा झाडांच्या बुंध्याशी, फांद्यांखाली, पोकळ खड्डा असतो आणि त्यात डोकं खाली होऊन माणूस अडकू शकतो. म्हणून झाडांत एकटीनं जायचं नाही, जोडीदार नजरेत ठेवायचा, गळ्यात शिट्टी. हे मी गाळणार होते, पण मग पुन्हा दोन वर्षांनी दादाच्या तोंडून निघालं असतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. या वेळी रेव्हलस्टोकहून दक्षिणेला. वाटेत तळं लागतं, गाडीसकट फेरीनं ओलांडायचं, फुकट. पुढे नकुस्पला गरम पाण्याचे झरे आहेत, मग नेल्सन. मैत्रिणीचा आणि तिच्या नवऱ्याचा नंबर दादाकडे दिलाय. निघताना मेसेज करीन. पोचल्यावर 'पोचले' एवढंच लिहीन, चिपळूण स्टँडवरून शेजारच्या काकूंकडे तुम्ही फोन करायचात तसा. लांबलचक काही आलं तर काळजी करा.

रविवारी फोन करते. आधी बाबांना द्या.

तुमची,
ताई

ता. क. आई, मुंबईहून निघताना तू बॅगेत कोंबलेली इस्त्री. फळीच्या तळाला मेण लावावं लागतं, नाहीतर ती बर्फाला चिकटते. मेणाची वडी इस्त्रीवर टेकवून थेंब थेंब पाडायचे, मग इस्त्री फिरवून पसरायचं आणि गार झाल्यावर खरवडून काढायचं. तेव्हा ती इस्त्री आता कपड्यांना लावण्यासारखी राहिलेली नाही. नवी आणलीय.