बाबांच्या मदतीला माणूस ठेवण्याविषयी

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई रडते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून पाठवते आहे. येत्या एक तारखेपासून सकाळी आठ ते रात्री आठ बाबांच्या मदतीला, घरी रुग्णसेवेची माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोचे एक मामा येतील. दादाशी बोलून मी होकार कळवला आहे. न विचारता ठरवल्याचा तुम्हाला राग येईल. पण विचारले असते, तर ‘अजून तशी वेळ आलेली नाही’ हेच उत्तर मिळाले असते.

बाबा, ती वेळ कशी ओळखायची, हे मी डॉक्टरांनाच विचारले. अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाऊन येणे, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणे, या सहा गोष्टी माणसाला एकट्याने जमतात का, हे ते पाहतात. तुम्हाला यांतल्या तीन गोष्टींना आईचा हात लागतो आणि सदऱ्याच्या गुंड्या धरल्या तर चार. पार्किन्सन्समध्ये हे होत जाते, त्यात तुमचा कसलाही कमीपणा नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर तुम्ही सही करत होतात, तेव्हा पहिले अक्षर पूर्वीसारखे टपोरे आले आणि आडनावापर्यंत पोहोचता पोहोचता ते मुंगीएवढे झाले. दर जूनमध्ये माझ्या वह्यांना खाकी कव्हरे घालून त्यांवर तुम्ही ज्या अक्षरात माझे नाव लिहायचात, ते अक्षर वर्गात सगळ्यांना दिसावे म्हणून मी वही मुद्दाम बाकावर उलटसुलट करत बसायचे. त्या हातांना आता कुणी मदत केली, तर मला त्यात वावगे वाटत नाही.

आई, खरे सांगायचे तर हा निर्णय बाबांपेक्षा तुझ्यासाठी जास्त आहे. ‘यांच्याकडे कोण बघेल’ म्हणून तू मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलत आली आहेस, तुझ्या साखरेची तपासणी राहून गेली आहे आणि बाबांना काखेत हात घालून उठवताना तुझा श्वास फोनवर मला ऐकू येतो. आजीच्या शेवटच्या वर्षात तुझ्या पाठीचे काय झाले, ते मी पाहिले आहे. तसे उठवल्याने त्यांचा खांदाही दुखावतो. कमरेला पट्टा बांधून, त्याला धरून कसे उठवायचे, हे मामांना येते. तुम्हा दोघांना ठाण्याला आणायचा विचार मी केला होता, पण नव्या घरात, नव्या बाथरूममध्ये बाबांचे पाऊल आणखी अडखळेल आणि सांगलीची माणसे तुटतील ती वेगळीच. मी रजा घेऊन येऊन राहिले, तरी ती रजा कधीतरी संपणारच.

परका माणूस दिवसभर घरात, ही तुझी काळजी मला कळते. मामांनी मिरजेच्या एका रुग्णालयात बरीच वर्षे काम केले आहे, त्यांची पोलीस पडताळणी झाली आहे आणि मी त्यांना स्वतः भेटले आहे. स्वयंपाकघर तुझेच राहील. बाबांचा वरण-भात तूच कालवशील, वर्तमानपत्र पहिले बाबांच्याच हातात पडेल आणि दाढी त्यांची ते करतील, मामा फक्त आरसा धरतील. मामांना चहा मात्र आपल्याच कपातून द्यायचा, वेगळा कप काढायचा नाही, आणि रविवारची त्यांची सुट्टी मोडायची नाही. रविवारी शेजारच्या काकांचा मुलगा सकाळी येऊन जाईल.

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. बाबांची गोळी जेवणाआधी अर्धा तास, ठरल्या वेळीच द्यायची, कारण डाळ-दुधाबरोबर ती नीट लागू पडत नाही, आणि आपल्या मनाने ती कधीही बंद करायची नाही. उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थिजले, तर हात धरून ओढायचे नाही. फरशीवर रंगीत पट्टी चिकटवून घेतली आहे, तिच्यावर पाऊल टाकायला सांगायचे आणि मोठ्याने एक-दोन मोजायचे. बाबा, सकाळी उठल्याबरोबर रक्तदाब उतरतो, तेव्हा पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसल्याशिवाय उभे राहायचे नाही. बाथरूमची कडी आतून लावायची नाही. बाहेर मामा असतील, कुणी आत येणार नाही. हॉलमधली सतरंजी आजच गुंडाळून माळ्यावर टाका. रात्री आठनंतर काही झाले, तर आधी १०८ ला फोन करायचा आणि मग मला.

महिनाभर मामांना येऊ द्या. बाबांना त्यांचा हात अवघड वाटला, तर ब्यूरोकडून दुसरा माणूस घेऊ; पण पुन्हा सगळे आईच्या अंगावर टाकायचे नाही, एवढे माझे ऐका. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मी पुढच्या महिन्यातली मागितली आहे आणि त्या आठवड्यात मी तिथे असेन.

तुमची,
धाकटी