मुलांना ओट्यापाशी जागा द्या

संपादक महोदय,
सस्नेह नमस्कार.

‘मूल नीट जेवत नाही’ ही तक्रार मुंबईत घरोघरी ऐकू येते. तिच्यावरचे बहुतेक उपाय पान वाढल्यानंतरचे असतात: मोबाइल समोर धरणे, चॉकलेटचे आमिष दाखवणे, नाही तर पान स्वच्छ केल्याशिवाय उठू न देणे. माझ्या मते या प्रश्नाला हात घालण्याची खरी वेळ त्याच्या तासभर आधीची, म्हणजे स्वयंपाकाची असते.

साधारण 2 ते 6 वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थाला नाक मुरडणे हा वाढीचाच एक टप्पा असतो. एखादी नवी चव मुलाने स्वीकारण्यापूर्वी ती अनेकदा 8-10 वेळा, काही मुलांच्या बाबतीत 15 वेळाही समोर यावी लागते, असे बालआहाराचे अभ्यासक सांगतात. आपल्याकडे मात्र दोन-तीन नकारांतच ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का बसतो आणि ती भाजी त्याच्या पानात येणेच थांबते. मूल भाजी निवडू लागले, की खाण्याची सक्ती नसतानाही तिचा वास, रंग आणि स्पर्श त्याच्या ओळखीचा होतो.

आमची पाच वर्षांची नात वरणभात, तूप-पोळी आणि बटाटा यांपलीकडे जात नसे. मूग भिजत घालणे आणि ते उपसून ओल्या फडक्यात बांधणे ही कामे आम्ही तिच्याकडे सोपवली. गाठोडे सोडल्यावर मोड दिसले, की ती एकेक मूग बोटावर घेऊन घरभर दाखवत फिरते. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत मूग बुळबुळीत होतात, म्हणून मध्येच धुऊन पुन्हा बांधावे लागतात, हेही तिला आता ठाऊक आहे. मेथी निवडताना तिने एक पान चावून पाहिले आणि ‘कडू’ म्हणून थुंकून टाकले. कोणीही काही बोलले नाही. तीच मेथी घातलेले भाजणीचे थालीपीठ तिने फडक्यावर थापले, बोटाने भोके पाडली आणि लोण्याबरोबर अर्धे खाल्ले. मेथीची भाजी ती अजूनही खात नाही, पण मुगाची उसळ, स्वतः लिंबू पिळून, खाते.

त्या लिंबालाही महत्त्व आहे. कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शोषले जाण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते, आणि मोड आणल्यानेही ते सुलभ होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्याची कारणे अनेक असली, तरी मुलांच्या पोटात उसळी आणि पालेभाज्या जाव्यात ही काळजी अनाठायी नाही, हे त्यावरून कळते.

लोकलच्या गर्दीतून रात्री घरी पोहोचणाऱ्या आईला हे कसे जमावे, असे कोणी विचारील. हे काम आईच्याच पदरात का पडावे, असा माझा प्रतिप्रश्न आहे. बाबा आणि आजोबाही मटार सोलू शकतात. स्वयंपाकघरात दोघांना उभे राहायला जागा नसेल, तर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून कोथिंबीर निवडता येते. तिथे विळी नको आणि गॅसही नको. मात्र ‘तूच केलेस ना, मग आता खा’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. त्या एका वाक्याने मदतीचा आनंद संपतो आणि पुन्हा तीच ओढाताण सुरू होते. मुलाचे वजन वाढत नसेल किंवा घास गिळतानाच त्रास होत असेल, तर अर्थातच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शाळांनाही एक सुचवावेसे वाटते. ‘फायरलेस कुकिंग’च्या स्पर्धेत बक्षीस मिळवणारी बशी पुष्कळदा आईने रात्री जागून सजवलेली असते. त्याऐवजी कार्यानुभवाच्या तासाला मुलांनी वर्गातच शेंगा सोलाव्यात, भाजी निवडावी, काकडीच्या कोशिंबिरीत दाण्याचे कूट कालवावे आणि ज्याला वाटेल त्याने ती चाखावी. गुण नकोत, क्रमांक नकोत. मटार आणि मेथी स्वस्त असतात त्या हिवाळ्यात मुंबईतील शाळांनी हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी विनंती आहे.

आपली,
एक आजी, मुलुंड (पूर्व), मुंबई