लॉगबुकातल्या एका ओळीबद्दल

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात ट्रेनीचे वर्ष संपून मला प्रोसेस इंजिनिअर म्हणून कायम केल्याचे पत्र मिळाले. पेढे वाटले तेव्हा तुमची रात्रपाळी होती, आणि समोर येऊन आभार मानले असते तर "जाऊ दे ना पोरी, मशीन पाह्य" म्हणून तुम्ही विषय संपवला असता. म्हणून हे चारचौघांदेखत लिहीत आहे.

नागपूरजवळच्या बुटीबोरीला येण्यापूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात मी आठ महिने काढले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे मला आदल्या दिवशीच्या नगांचे आकडे एक्सेलमध्ये भरायला बसवले होते. त्यातूनही वेळ काढून मी आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन एका लाइनचा सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा वेळ, मोजला, काम कुठे अडते ते शोधले आणि अहवाल लिहिला. वरिष्ठांनी पहिल्या पानावरचे नाव तेवढे बदलून तो बैठकीत मांडला. राग त्यांचा आलाच, पण त्याहून अधिक आला तो खरे माहीत असूनही खाली वहीत बघत राहिलेल्या तिघांचा. तेव्हापासून माझी वही मी कोणाला दाखवत नसे. तुम्हालाही नाही.

मग मे महिना आला. नागपूरचा पारा 45 अंशांवर आणि डोक्यावर शेडचे पत्रे. 100 मिलिमीटरचा तो बोअर, म्हणजे जॉबमधले (मशीनवर घडणाऱ्या भागातले) गोल भोक. त्याला 35 मायक्रॉनची टॉलरन्स, म्हणजे मापात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पस्तीसपट एवढाच फरक चालणार. मशीनवर माप बरोबर येई आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्पेक्शनच्या एसी खोलीत तोच बोअर लहान भरे. तीन आठवडे मी कापणारे इन्सर्ट, फिरणारा स्पिंडल, जॉब धरणारे फिक्श्चर सगळे तपासले आणि मापांच्या कंट्रोल चार्टची पाने रंगवली. एका दुपारी तुम्ही मला हातमोजा काढायला लावलात आणि मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या जॉबकडे बोट दाखवलेत. "आधी हात लावून पाह्य. तापातल्या पोराचं माप घेऊन राहिली का तू?"

चांगलाच चटका बसला. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण 11 ते 12 मायक्रॉन वाढते आणि मापे 20 अंश तापमानाला धरायची असतात, हे परीक्षेत लिहून मी गुण मिळवले होते. जॉब 20 अंशांनी जास्त गरम असला तर एवढ्या बोअरमध्ये सुमारे 23 मायक्रॉनचा फरक पडतो. गरम बोअर मोठा दिसे, ऑपरेटर ऑफसेट (हत्याराची सेटिंग) कमी करून तो लहान करी, आणि रात्रीतून निवलेला जॉब आखडून बसे. पुढे काय बदल केले ते आपल्या लाइनवर सगळ्यांना माहीत आहे; रीवर्कचा, म्हणजे पुन्हा काम करायच्या जॉबचा, ढीग हटला, एवढेच इथे पुरे.

मला सांगायचे आहे ते त्या दिवशीच्या पाळी संपतानाचे. तुम्ही चष्मा लावलात, माझ्याकडून पेन मागून घेतलेत आणि लॉगबुकात सावकाश लिहिलेत: "बोअर लहान येण्याचे कारण जॉब गरम असताना मोजणे. शोधले," आणि त्यापुढे माझे नाव, आडनावासकट. मी म्हटले, काका, हे तर तुम्हीच सांगितले. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्या फक्त हात लावाले सांगतला. हिशोब तं तूच केला ना."

सज्जन माणसे थोडी भाबडी असतात, असे मला तोवर वाटत असे. पण वार्षिक वाढ महिनाभरावर आली होती, त्या ओळीत तुमचे नाव असते तर ते कोणाच्या नजरेत भरले असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळत होते. सकाळी प्लांट हेडनी ती ओळ वाचून मला बोलावले, तेव्हा तुम्ही कंपनीच्या बसने कधीच घरी पोचला होतात.

ते लॉगबुक आता भरून स्टोअरमध्ये गेले आहे. त्या पानाचा फोटो मी मोबाइलमध्ये ठेवला आहे. माझ्या नावातली पहिली वेलांटी तुम्ही चुकीची दिली आहे. ती दुरुस्त करू नये, एवढी विनंती.

आपली,
तुमच्या पाळीतली जुनी ट्रेनी