जिन्याखालचं पोतं हाताने ओळखणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतला कचरा न्यायला येता तुम्ही; ‘माझं नाव नका लिहू’ असं बजावलंत, म्हणून नुसतं ताई म्हणते. पण पत्र चारचौघांसमोर लिहायची परवानगी मी तुमच्याकडून मागून घेतली आहे. पुण्यात घरच्या घरी सुतारकाम करणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. त्या सकाळी तुमच्या हाताला जे कळलं, ते त्यांनाही कळायला हवं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी रंधा हातात घेतला. पाट, चौरंग, पळ्या, डाव असं करत गेले. सागाच्या फळीवर रंधा फिरला की पातळ, गोल वळलेली सालपटं निघतात. करवतीखाली भरड भुसा पडतो आणि काचपेपर मारला की पिठासारखी धूळ. हे सगळं मी एकाच पोत्यात कोंबायची. प्लायचा भुसा, झिजलेला काचपेपर, तेलाच्या चिंध्याही त्यातच. पूर्वी थोडे दिवस अंगणात जाळून पाहिलं, पण समोरच्या आजोबांचा खोकला वाढला तेव्हा ते थांबवलं. मग गुलाबाच्या वाफ्यात कोरडा भुसा मिसळला, तर महिन्याभरात पानं पिवळी पडली. त्यानंतर पोतं भरलं की तोंड बांधायचं आणि तुमच्या गाडीजवळ ठेवायचं, एवढंच माझं काम उरलं. त्याचं पुढे काय होतं, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही.

मे महिन्यातला तो सोमवार. पुतणीच्या लग्नाचा चौरंग आदल्या संध्याकाळी पुरा झाला होता. दुकानात डबल बॉइल म्हणून मिळतं ते अळशीचं तेल मी त्याला दोनदा चोळलं आणि हातातल्या सुती चिंध्या गोळा करून पोत्यात मधोमध दाबल्या. पोतं जिन्याखाली, दोन स्कूटरींच्या शेजारी. सकाळी तुम्ही ते उचलायला वाकलात आणि तशाच थांबलात. पोत्याच्या पोटाला हात लावून म्हणालात, “मॅडम, हे तापलंय. यात काय घातलंत?” मी म्हणाले, भुसा आहे, रात्री उकडत होतं ना. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, हे माझं केवढं भाग्य! पोतं फरफटत फाटकाबाहेर नेलंत आणि मोकळ्या जागी उपडं केलंत. मधल्या चिंध्या तपकिरी-काळ्या झाल्या होत्या. हवा लागताच त्यांतून धूर निघाला. करपलेल्या तेलाचा तो उग्र वास अजून माझ्या नाकात आहे. दोन बादल्या पाणी ओतून, काठीने सगळं उलथंपालथं करून, खालचा थरही गार झाल्याची खात्री होईपर्यंत तुम्ही तिथून हलला नाहीत. तुमची अर्धी गल्ली अजून व्हायची होती.

का झालं ते मी नंतर समजून घेतलं. अळशीचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि तसं होताना उष्णता बाहेर टाकतं. चिंधी पसरलेली असेल तर ही उष्णता निघून जाते. पण चिंध्यांचा बोळा केला की ती आत कोंडते. कोंडली की तेल आणखी भराभर वाळतं, त्याने उष्णता आणखी वाढते. शेवटी काडी न लावता चिंधी पेट घेते. तिच्याभोवती मी कोरड्या सागाच्या सालपटांची गादी घातली होती आणि शेजारी पेट्रोल भरलेल्या दोन गाड्या होत्या. वरच्या मजल्यावर माझी ८१ वर्षांची सासू झोपलेली होती.

आता तेलाची प्रत्येक चिंधी गच्चीवरच्या तारेवर एकेकटी पसरून घालते. पापडासारखी कडक झाली की मगच ती कचऱ्यात जाते. पाऊस असेल तर पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवते आणि झाकण घट्ट लावते.

पण मला तुमचे आभार एवढ्यासाठीच मानायचे नाहीत. त्या ओल्या ढिगाकडे बघून तुम्ही म्हणालात, “हा कचरा नाही मॅडम, तुम्ही त्याचा कचरा करून देताय.” मला ते लागलं, कारण खरं होतं. मग तुम्हीच तोड सांगितलीत: गावाकडे तुमच्या जाऊबाईंच्या गावरान कोंबड्या आहेत, खुराड्यात खाली घालायला त्यांना भाताचं तूस विकत आणावं लागतं, त्याऐवजी माझी सालपटं चालतील. “फक्त प्लाय नको, रंगाचं लाकूड नको, आणि पीठ नको, कोंबड्या शिंकतात.”

तेव्हापासून माझ्याकडे तीन पोती आहेत. कोऱ्या, बिनरंगाच्या लाकडाची सालपटं आणि भरड भुसा चाळणीने चाळून पहिल्यात. प्लाय आणि एमडीएफचं (लाकडाचे तंतू डिंकात दाबून केलेल्या फळीचं) दुसऱ्यात, कारण त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो आणि तो खुराड्यातही नको, मातीतही नको. तिसऱ्यात बारीक धूळ, थोडी ओली करून, तोंड बांधून आणि वर चिठ्ठी लावून. या धुळीबद्दल तुमची माफी मागायची राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली, त्याला १९९५ पासून किती वर्षं झाली! मी काम करताना मास्क लावायची आणि तीच धूळ मोकळी सोडून तुमच्या हातात द्यायची.

जाऊबाईंनी दिवाळीत खुराड्यातलं जुनं काढून पाठवलं, तेव्हा गुलाबांचंही कोडं सुटलं. लाकडात नत्राच्या कित्येक शे पट कर्ब असतो. तो कुजवणारे जिवाणू आपल्याला लागणारा नत्र मातीतून ओढून घेतात आणि झाड उपाशी राहतं. कोंबड्यांच्या विष्ठेत नत्र भरपूर. म्हणून तेच सालपट चार-पाच महिने त्यांच्या पायाखाली राहून, पुन्हा ढिगात कुजून आलं, तेव्हा काळं आणि मातीच्या वासाचं झालं होतं. त्याच वाफ्यात घातलं. या जानेवारीत गुलाबांना जो बहर आला, त्यातली पहिली सहा फुलं मी तुमच्या गाडीवर ठेवली होती. उरलेली मूठ-मूठ सालपटं आता स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातात. भाजीच्या देठांचा एक थर, त्यावर सालपटांचा एक. डब्याला वास येत नाही आणि चिलटंही कमी झाली.

तुमच्याशी बोलताना माझी आई आठवते. आमच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी धरून तो गच्च ठासायचा, मग बाटली अलगद फिरवून काढायची आणि त्या भोकाखालून पेटवायचं. वरणभात होऊन वर आंघोळीचं पाणीही तापायचं. बाटली काढताना भुसा ढासळू नये म्हणून आई श्वास रोखून धरायची. भुसा म्हणजे घरातली मोजून वापरायची वस्तू होती. माझ्या हातून ती गोष्ट सुटली होती, ती तुम्ही परत दिलीत.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. चहा मात्र घेतलात आणि म्हणालात, “द्यायचंच असलं तर पोळपाट द्या, माझा डुगडुगतो.” तो तयार आहे. आंब्याच्या एकाच फळीतला, बिनजोडाचा. त्याला अळशीचं तेल लावलेलं नाही, खोबरेलाचा हात दिला आहे. खोबरेल तसं घट्ट वाळत नाही, म्हणून त्याच्या चिंधीत तशी उष्णता साठत नाही. पाय अजून ठोकायचे आहेत. तुम्ही खाली बसून पोळ्या लाटता की ओट्याशी उभं राहून, तेवढं शनिवारी पोती न्यायला याल तेव्हा सांगा.

तुमची,
कोपऱ्यावरच्या घरातली सुतारकामवाली मॅडम