कोहेनाशी लग्न करायचं म्हणतेस तर

ठाणे
दारफळनीच्या (योम किप्पूरच्या) आधीचा शुक्रवार

प्रिय बेबी,
शालोम.

तू इस्राएलहून केलेला फोन ठेवल्यापासून, तिथे ज्यूंची लग्नं लावणाऱ्या रब्बिनूतबद्दलचं, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) खात्याबद्दलचं, तुझं ते वाक्य डोक्यातून जात नाही. "रब्बिनूतमध्ये म्हणाले, मी घटस्फोटित आहे म्हणून कोहेनाशी माझं लग्न लागणार नाही. म्हणजे आई, मी बाटलेली का?" रडणाऱ्या माणसाला शास्त्र सांगून उपयोग नसतो, म्हणून तेव्हा गप्प बसले. आता लिहितेय. सावकाश वाच आणि जमलं तर त्यालाही वाचून दाखव. हिब्रू करताना माझा राग गाळलास तरी चालेल.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. तू बाटलेली वगैरे काही नाहीस. तुझा गेट, म्हणजे धर्माप्रमाणे घटस्फोटाचा कागद, रीतसर झालेला आहे. उद्या तू एखाद्या साध्या इस्राएलाशी किंवा लेवीशी लग्न ठरवलंस तर तेच रब्बी तेच कागद बघून तुझं लग्न लावतील. तो कोहेन, म्हणजे जन्माने पुरोहित घराण्यातला; अट आहे ती त्याच्या जन्माची, आणि पाळायची आहे ती त्याने.

तुला हे माहीत नव्हतं यात नवल नाही. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांत कोहेन नाहीत, लेवीही नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, त्यांच्यापासून आपण, असं आपण सांगत आलो. त्या सातांत कुणी अहरोनाच्या, म्हणजे कोहेनांच्या मूळपुरुषाच्या, वंशातला होता अशी आठवण कुणी ठेवली नाही. आपल्याकडे होते ते काजी. आपल्या लोकांना धर्म पुन्हा शिकवणाऱ्या दाविद राहबीने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर घराण्यांतले तिघे शिकवून तयार केले आणि मग ते काजी गावोगाव फिरून सुंता, लग्नं, भाऊबंदकीचे तंटे सगळं बघायचे, असं माझे आजोबा सांगायचे. पुढे कोचीनहून शिकलेले हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आले. सेफेर (धर्मग्रंथाची गुंडाळी) वाचायला पहिलं बोलावणं कोहेनाला, दुसरं लेवीला, मग बाकीच्यांना, हा क्रम आपण पुस्तकातच वाचलेला. ठाण्याच्या आपल्या शआर हाशामाईम सिनेगॉगमध्ये कोहेन नसला की त्याच्या जागी म्हणून दुसऱ्याला उठवतात आणि काम पुढे जातं. बाहेरून एखादा पाहुणा कोहेन आला की सगळ्यांच्या माना तिकडे. तू लहानपणी वरच्या सज्ज्यात माझ्या मांडीवर झोपलेली असायचीस, तुला काय आठवणार!

तर हे कोहेन कोण? आपला मूळपुरुष याकोब, त्याच्या बारा मुलांतला तिसरा लेवी. त्याच्या वंशात मोशे आणि अहरोन हे भाऊ. अहरोनाच्या मुलग्यांपासून जे चालत आले ते कोहेन, लेवीच्या वंशातले बाकीचे सगळे लेवी. वारसा बापाकडून. परीक्षा नाही, दीक्षा नाही, निवड नाही. याच गोष्टीची मला पूर्वी चीड यायची. आपण ज्या देशात राहतो तिथे जन्माने मिळालेलं पुरोहितपण म्हटलं की पुढचं चित्र आपोआप उभं राहतं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की जन्माने जे मिळालं त्याच्याबरोबर बरंच काही काढूनही घेतलेलं आहे.

पहिली गोष्ट जमिनीची. देशाची वाटणी झाली तेव्हा लेवीच्या वंशाला वाटा मिळाला नाही. राहायला विखुरलेली ४८ गावं दिली, त्यांतली १३ कोहेनांची. पोट चालायचं ते लोकांच्या दानावर. शेतकरी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा लेवीला देई आणि लेवी त्यातला दहावा हिस्सा पुन्हा कोहेनाला. पीक बुडालं की शेतकऱ्याबरोबर हेही उपाशी. खळ्यावर धान्य मागायला उभं राहणाऱ्या माणसाला गावात काय मान असेल, तू विचार कर.

दुसरी गोष्ट कामाची. कोहेन म्हटलं की तुला हात उंच करून आशीर्वाद देणारा शुभ्र माणूस दिसत असेल. यरुशलेमच्या मंदिरात त्याचा दिवस सुरू व्हायचा तो वेदीवरची राख काढण्यापासून. मग लाकडं रचायची, सकाळी एक कोकरू, दुपारी एक, रक्त, चरबी, कातडं, धूप, दिवे, दर शब्बाथला बारा भाकरी बदलायच्या. हे सगळं अनवाणी, थंड दगडी फरशीवर, अंगात लिननचा अंगरखा, विजार, कमरपट्टा आणि डोक्याला पागोटं एवढ्यावर. मुख्य कोहेनाला वर आणखी चार वस्त्रं, त्यांत छातीवर बारा वंशांची नावं कोरलेली रत्नं, झग्याच्या काठाला सोन्याच्या घंटा, कपाळावर सोन्याची पट्टी. बाकीच्यांना तो थाट नाही. मिश्नामध्ये, म्हणजे रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात, मंदिरातल्या अधिकाऱ्यांची यादी आहे, तिच्यात पोटाच्या विकारांवर नेमलेला एक खास माणूस सापडतो! थंड फरशीवर अनवाणी उभं राहून एवढं मांस खायचं, तर पोट बिघडणारच. ती ओळ वाचली आणि मला ही माणसं पहिल्यांदा खरी वाटली. लेवींकडे गाणं, वाद्यं आणि दरवाजांचा पहारा. आपल्या स्तोत्रांतली पुष्कळशी त्यांच्याच तोंडी असायची.

कोहेनांचे २४ गट होते आणि प्रत्येक गटाची पाळी एका आठवड्याची. म्हणजे बहुतेक कोहेन वर्षातून थोडेच दिवस मंदिरात, बाकी वेळ आपापल्या गावी. राख काढायचा मान मिळावा म्हणून आधी वेदीच्या उतारावरून धावत जायची चढाओढ असे. एकदा दोघे बरोबरीने पोचले, एकाने ढकललं आणि दुसऱ्याचा पाय मोडला. तेव्हापासून चिठ्ठ्यांसारखी सोडत आली, बोटं मोजून. एकूण माणसं आपल्यासारखीच.

आणि त्यांच्यावर लक्षही तितकंच. हा भाग तू नीट वाच, कारण तू फोनवर म्हणालीस की 'त्यांना कुणी विचारत नाही, आम्हालाच विचारतात'. मंदिरात घडीव दगडांची एक खोली होती, तिथे न्यायसभा बसून कोहेनांची वंशावळ तपासायची. वंशात खोट निघाली तर तो काळे कपडे घालून, काळी शाल ओढून बाहेर पडायचा; खोट नसली तर पांढरे घालून आत कामाला लागायचा. त्याच्याही आधी, बाबेलच्या बंदिवासातून लोक परतले तेव्हा काही कोहेन घराण्यांना आपली वंशावळ दाखवता आली नाही. एझ्राच्या पुस्तकात लिहिलंय, त्यांना कामावरून दूर केलं. अहरोनाची पोरं, आणि कागद नाहीत म्हणून बाहेर!

हे वाचून मला आपले १९६० च्या सुमाराचे लोक आठवतात. मुंबई सोडून इस्राएलला गेले आणि लग्न लावायच्या वेळी रब्बिनूतने आई, आजी, पणजीचे दाखले मागायला सुरुवात केली, कारण काय तर आपल्याकडे गेटची पद्धत नव्हती म्हणून शंका. यरुशलेममध्ये धरणं धरावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये क्नेसेतने, म्हणजे तिथल्या संसदेने, सांगितलं की बेने इस्राएल सर्व अर्थाने ज्यू आहेत. त्या काळचं घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. म्हणून तुझा हुंदका ऐकला तेव्हा मला वाटलं, तू फक्त स्वतःसाठी रडत नाहीयेस.

आता दारफळनी, आपला प्रायश्चित्ताचा दिवस, चार दिवसांवर आलीय म्हणून मुख्य कोहेनाचं सांगते. वर्षातून त्या एकाच दिवशी तो मंदिराच्या सगळ्यांत आतल्या परमपवित्र स्थानात जायचा. सात दिवस आधीच त्याला घरातून हलवून मंदिरातल्या खोलीत ठेवत, आणि तो ऐन वेळी अपात्र ठरला तर म्हणून दुसरा तयार ठेवत. वडीलधारे त्याच्यापुढे विधी वाचत आणि म्हणत, महाराज, तुम्ही स्वतःच्या तोंडाने वाचा, कदाचित विसरला असाल, कदाचित शिकलाच नसाल. केवढं बोचरं आहे हे! पण खरंही असणार, कारण दुसऱ्या मंदिराच्या शेवटच्या काळात हेरोद राजा मर्जीप्रमाणे मुख्य कोहेन नेमायचा आणि हटवायचा, पदं पैशानेही मिळायची. विधीत काही बदलणार नाही अशी शपथ त्याला घालत, आणि मग तोही तोंड फिरवून रडे, तेही तोंड फिरवून रडत. तो रडे आपल्यावर संशय घेतला म्हणून, ते रडत कदाचित निर्दोष माणसावर संशय घेतला म्हणून. रात्रभर झोपायचं नाही. पेंगायला लागला तर तरुण कोहेन चुटक्या वाजवत, थंड फरशीवर उभं करत. दिवसभरात पाच वेळा स्नान, दहा वेळा हातपाय धुणं, सोन्याचे कपडे उतरवून पांढरे, पांढरे उतरवून सोन्याचे. आत जाताना मात्र साधं पांढरंच. सगळ्यांत आधी त्याने स्वतःच्या आणि आपल्या घरच्यांच्या पापांची कबुली द्यायची, मग बाकीच्या कोहेनांच्या, मग लोकांच्या.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं आणि हे सगळं काम एका फटक्यात संपलं. रब्बी पुढे आले, आणि रब्बी व्हायला जन्म लागत नाही, अभ्यास लागतो. मिश्नात तर स्पष्टच आहे: विद्वान मामझेर (निषिद्ध संबंधातून जन्मलेला) हा अडाणी मुख्य कोहेनाच्या वर. कोहेनाकडे उरलं ते सेफेरचं पहिलं बोलावणं, पहिलटकरणीच्या मुलाची पाच शेकेल घेऊन सोडवणूक, आणि आशीर्वाद. लेवी त्याच्या हातांवर पाणी घालतो, तो बूट काढतो, तालिथ, म्हणजे प्रार्थनेची शाल, डोक्यावरून घेतो आणि बोटं फाकवून ते पंधरा हिब्रू शब्द म्हणतो. आधी जी बेराखा (छोटी स्तुतीची प्रार्थना) म्हणतो तिच्यात आज्ञा 'प्रेमाने' आशीर्वाद देण्याची आहे. हेच शब्द कोरलेल्या चांदीच्या दोन इवल्या गुंडाळ्या १९७९ मध्ये यरुशलेमच्या केतेफ हिन्नोममध्ये सापडल्या, पहिल्या मंदिराच्या अखेरीच्या काळातल्या. इस्राएल म्युझियममध्ये आहेत. रब्बिनूतच्या खेपा घालता आहात तर एक खेप तिथेही घाला दोघं.

आणि उरल्या त्या बंद्या. मंदिर गेलं, बंद्या राहिल्या. प्रेताजवळ जायचं नाही, जवळची रक्ताची माणसं सोडून. आणि घटस्फोटितेशी, धर्मांतर करून आलेल्या बाईशी लग्न नाही. मुख्य कोहेनाला तर विधवाही चालत नसे. तोरातल्या लेवीय पुस्तकाच्या २१ व्या अध्यायात यातलं बहुतेक एकत्र येतं, आणि तिथेच पुढे असंही आहे की आंधळ्या किंवा लंगड्या कोहेनाने वेदीवर चढायचं नाही, पवित्र अन्न मात्र खायचं. आता त्या आंधळ्याने काय पाप केलं होतं? काहीच नाही. तुझ्याबद्दलही त्या अध्यायाला काही म्हणायचं नाही. कडक आहे, मला आवडत नाही, हेही लिहून ठेवते. गंमत अशी की कोहेनाने स्वतःच्या बायकोला सोडलं तर तिलाही तो परत आणू शकत नाही. आणि हे कोहेन म्हणे डोक्याने तापट, भांडले की गेट द्यायला निघायचे! म्हणून रब्बींनी त्यांच्यासाठी घडी घालून, शिवून, प्रत्येक घडीवर साक्षीदाराची सही घ्यायचा लांबलचक गेट काढला. तेवढ्यात डोकं थंड होईल म्हणून.

आता कामाचं बोलते. सायप्रसला जाऊन, रब्बिनूतशिवाय, लग्न केलंत तर सरकारदरबारी नोंद होईल. १९६३ च्या कोर्टाच्या निकालापासून ते चालू आहे. तुमची मुलं पूर्ण ज्यू असतील, मामझेर वगैरे अजिबात नाही. पण मुलगा कोहेन राहणार नाही, आणि मुलीला कोहेनाशी लग्न करता येणार नाही. आणि तो स्वतः, हे लग्न आहे तोवर, शास्त्राप्रमाणे आशीर्वादाला हात उचलू शकत नाही, सेफेरचं पहिलं बोलावणंही त्याला नाही. हे त्याला माहीत आहे का, विचार. माहीत असणार, त्याच्या वडिलांबरोबर लहानपणापासून तालिथखाली उभा राहिला असेल तर नक्कीच. मग त्याला ते सोडणं जड आहे का, हेही विचार, आणि 'मला काही फरक पडत नाही' असं पटकन म्हणाला तर पुन्हा विचार. तू त्याची समजूत घालू नकोस. सोडायचं आहे ते त्याचं आहे, तुझं नाही, आणि पाच वर्षांनी भांडणात ते तुझ्या नावावर पडता कामा नये.

आणखी एक. कोहेन आडनाव असलं म्हणजे माणूस कोहेन असतोच असं नाही, आणि आडनाव वेगळं असूनही असतो. घरात तशी परंपरा चालत आली आहे की नुसतं आडनाव, हे एखाद्या जाणत्या रब्बीला शांतपणे विचारायला हरकत नाही. पळवाट म्हणून नको, पण खरं काय ते कळायला पाहिजे.

तो तुझ्याबरोबर इकडे आला तर मला आनंदच आहे. नवगावला त्याला कबरस्तानात मात्र आग्रहाने आत नेऊ नकोस. तो कुंपणाबाहेर थांबेल, त्याला काही वाटणार नाही. जेवायचं त्याचं काय चालतं काय नाही तेवढं आधी कळव. आणि तुझ्या मावशीला इतक्यात काही बोलू नकोस, ती दुसऱ्या दिवशी अलिबागपर्यंत पोचवेल.

उपास जपून कर. पित्त होतं तुला.

तुझी,
आई