उचलायला काहीही चालेल, टेकवायला नाही

मा. संपादक,
स. न.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांत गाडीच्या निगेवर मजकूर येतो आणि त्याचा शेवट ‘अधिकृत सेवा केंद्रात दाखवून घ्या’ असा होतो. मेळघाटातल्या धारणी, गडचिरोलीतल्या भामरागड किंवा कोरचीकडच्या माणसाने हा सल्ला पाळायचा म्हटला तर जाण्यायेण्यातच दिवस जातो. शिवाय महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपला किंवा जिप्सीला हात लावायला तिथला पोरगा तयार होईलच असं नाही. म्हणून पऱ्हाट्या उपटून झाल्या की मृगापर्यंतच्या मोकळ्या दिवसांत गावोगाव अंगणात, कोठ्यासमोर, निंबाखाली जीपा उघडल्या जातात. कमानीचे पाटे, प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरकडून एक्सलकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यातला क्रॉस, हबची बेअरिंग, क्लच प्लेट, सगळं घरीच होतं. व्हावंही. ही कामं अवघड नाहीत आणि जुन्या जीपा घरी दुरुस्त होतात म्हणूनच पांदण रस्त्यांवर अजून टिकून आहेत. प्रश्न आहे तो काम चालू असताना गाडीचं वजन कशावर टेकलेलं असतं याचा.

गाडी उचलणं वेगळं आणि उचललेली गाडी धरून ठेवणं वेगळं. उचलायला बॉटल जॅक घ्या, चेन पुली घ्या, ट्रॅक्टरच्या लिफ्टला साखळी बांधा, बल्लीची तरफ लावा, हरकत नाही. पण यातल्या कशाच्याही भरवशावर माणसाने खाली जायचं नाही. बॉटल जॅकमध्ये सगळा भार थोड्याशा तेलावर आणि एका रबरी सीलवर असतो. सील जुनं झालं की जॅक हळूहळू बसतो, आणि रिलीज स्क्रू पुरता आवळलेला नसला तर पान्ह्याच्या एका धक्क्याने सैल होतो. जॅकवर लिहिलेले टन सरळ उभ्या भाराचे असतात. जॅक थोडा तिरपा झाला की त्या आकड्याला अर्थ उरत नाही. ट्रॅक्टरची लिफ्टही तेलावरच चालते. इंजिन बंद केलं की ती उतरू लागते, आणि लिव्हरला कुणाचा गुडघा लागला तर उतरायला वेळही लागत नाही. जेसीबीच्या बकेटचंही तेच, होज फुटला की संपलं.

म्हणजे उचलून झालं की गाडी दुसऱ्या कशावर तरी उतरवायची, जॅक सैल करून भार खरंच तिथे गेला का ते पाहायचं, आणि मगच खाली सरकायचं. इथेच आपला जुगाड बहुतेक वेळा चुकतो.

सर्वांत वाईट म्हणजे विटा आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक. भिंतीत त्यांच्यावर भार पसरून येतो. चेसिसच्या कडेखाली तो दोन बोटांच्या जागेवर येतो आणि ब्लॉक आवाज न करता फुटतो. फरशीचा तुकडाही तसाच. लाकूड मात्र आधी कुरकुरतं, दबतं, चिरतं, म्हणजे बाहेर यायला थोडा अवधी देतं. बाभळीचे किंवा सागाचे वाळलेले, साल काढलेले, चारही बाजूंनी सपाट केलेले ठोकळे सुताराकडून करून घ्यावेत: चार बाय चार इंच, लांबी दीड ते दोन फूट. दोन असे, त्यावर दोन तसे, याप्रमाणे आडवे-उभे रचायचे आणि प्रत्येक टोक खालच्या ठोकळ्याच्या बाहेर चार इंच राहू द्यायचं. टोकाशी अगदी कडेला भार आला की लाकूड फाटतं, म्हणून. रचलेल्या थराची उंची ठोकळ्याच्या लांबीपेक्षा जास्त नको. ओलं लाकूड घसरतं, आणि जळणातला गोल ओंडका तर विचारातही घेऊ नये. ट्रकच्या चाकांच्या जुन्या लोखंडी डिस्का आडव्या ठेवून, वर फळी टाकून वापरतात. दोनपर्यंत ठीक, तिसरी रचली की डोलतं.

घोडी, म्हणजे गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड, गावातल्या वेल्डरकडून करून घेत असाल तर पिनेने वरखाली होणारी करू नका. पिनेचं लोखंड आणि भोकांचं माप यातच गावठी घोडी कच्ची राहते. ठरावीक उंचीची, समजा १८ इंचांची, ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटर अँगलची चारपायी घोडी बरी. पाय खाली किमान १२ इंच फाकलेले, खालून चारही बाजूंनी पट्टीने जोडलेले, प्रत्येक पायाखाली ६ मिलिमीटरची चार इंची प्लेट, आणि वर एक्सल बसेल अशी खोबण. वेल्डिंग टाक्यांचं नको, सलग हवं; वरची खपली ठोकून काढून सांधा डोळ्यांनी पाहावा. मग तिच्यावर भरलेल्या ट्रॉलीचं एक टोक रात्रभर ठेवून बघावं, खाली कुणी नसताना. एवढं करण्यापेक्षा तीन टनांची तयार जोडी विकत आणणं सोपं आहे. तिची किंमत जीपच्या एका नव्या टायरपेक्षा कमी पडते. टायरला पैसे निघतात आणि घोडीला निघत नाहीत, हे गणित काही पटत नाही.

आता खालची जमीन. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी वाटते, पण तो वरचा पापुद्रा असतो आणि त्याखाली भेगा असतात. डिफरन्शियलखाली (एक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, जिथून जोर दोन्ही चाकांना वाटला जातो) जॅक लावून मागची बाजू उचलली तर सहा-सातशे किलो जॅकच्या बुडावर येतात. बूड १० बाय १० सेंटिमीटरचं असेल तर दर चौरस सेंटिमीटरला सहा-सात किलो. त्याच जॅकखाली ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीची, दोन इंच जाड फळी टाकली तर हाच दाब विसाव्या हिश्श्यावर येतो. एकच रुंद फळी मिळत नसेल तर अरुंद फळ्यांचे दोन थर, आडवे-उभे. घोडीखालीही फळी हवीच. कायमची सोय करायची तर गाडीच्या मापाच्या जागेवरची माती फूटभर काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावा. काँक्रीटचा ओटा असेल तर उत्तमच.

एका गोष्टीकडे फार दुर्लक्ष होतं. पार्ट नागपूर-अमरावतीहून यायचा असतो आणि तोवर गाडी आठवडाभर घोड्यांवर उभी राहते. रोहिणीत वळवाचा एक सडाका आला की खालची माती लोण्यासारखी होते, एक घोडी बोटभर खचते आणि गाडी तिरपी होते. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, वरून सगळं कोरडं दिसतं आणि माणूस थेट खाली जातो. पाऊस पडून गेल्यावर घोड्या पुन्हा पहिल्यापासून लावायच्या. शक्य असेल तर रात्री चाकं चढवून गाडी जमिनीवरच उभी करावी.

हँडब्रेकबद्दल नीट सांगायला हवं, कारण जुन्या जीपांत तो चाकांवर नसतो. विलीजच्या, म्हणजे मूळ अमेरिकी जीपच्या, घराण्यातल्या जीपांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या डब्याच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की शाफ्ट अडकलेला असूनही डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं चाक पुढे फिरू शकतं आणि उचललेलं हवेत उलटं फिरतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गिअर टाकलेला, तरी गाडी जॅकवरून पुढे निघते. नुसत्या गिअरच्या भरवशावर ठेवलेल्या कुठल्याही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हेच लागू आहे. मागचं चाक उचलताना फोर-व्हील लो (चारही चाकांना जोडणारा हळू गिअर) टाकावं, पुढच्या चाकांना हाताने सोडता-जोडता येणारे फ्री-व्हीलिंग हब असतील तर लॉक करावेत, म्हणजे पुढची चाकं धरतात. तरीही जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर हवीच. दगड टायरखालून निसटतो. आणि प्रोपेलर शाफ्टच काढला तर अशा जीपमध्ये हँडब्रेकही गेला आणि मागच्या चाकांचा गिअरशी संबंधही गेला. क्रॉस बदलायला निघालेला माणूस नेमका इथेच सापडतो, कारण त्या कामाला गाडी उचललेली नसते आणि त्यामुळे धोका आहे असं वाटत नाही.

ज्यांच्या डिफरन्शियलला आपोआप लॉक होणारी यंत्रणा आहे, काही थार आणि बोलेरोंना ती असते, त्यांनी एक चाक हवेत ठेवून इंजिनवर चाक फिरवून आवाज शोधू नये. फिरत्या चाकाचा वेग वाढला की लॉक लागतो आणि जमिनीवरचं चाक गाडीला घोडीवरून ओढून नेतं.

खरं तर निम्म्या कामांना जीप उचलावीच लागत नाही. तिच्या पोटाखाली माणूस सरकेल एवढी जागा असते. गिअरबॉक्स, ट्रान्सफर आणि दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल, क्रॉसला ग्रीस, क्लचची अ‍ॅडजस्टमेंट, सायलेन्सर, ही कामं पाचर लावून चाकांवरच करावीत. ऑइलची पातळी तशीही गाडी सपाट उभी असतानाच खरी कळते. ऑइल बदलताना आधी भरायचा प्लग खोलून पाहावा, मगच खालचा. खालून ऑइल सांडून दिल्यावर वरचा प्लग गंजून बसलेला निघाला तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. तापलेलं एक्सल नाल्याच्या थंड पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (एक्सलवरच्या हवेच्या भोकातून), सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं टोक बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावं. काम अर्ध्या तासाचं आहे.

पाटे बदलायचे असतील तर घोड्या चेसिसखाली लावायच्या, पाट्याच्या पुढच्या हँगरच्या (पाटा चेसिसला धरणाऱ्या कंसाच्या) थोडं अलीकडे, आणि जॅक एक्सलखाली ठेवायचा, फक्त एक्सल वरखाली करायला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. हवेतल्या गाडीवर टॉमीला (पान्ह्याच्या दांड्याला) झटके देणं म्हणजे घोडी पाडण्याचा प्रयत्नच. काही जुन्या जीपांना डावीकडचे नट उलट आट्याचे असतात, जोर लावण्याआधी स्टडवरची खूण बघावी. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट आदल्या रात्री डिझेलने भिजवावेत, नाही सुटले तर ग्राइंडरने कापावेत आणि नवेच टाकावेत. ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा आवळून धरत नाहीत. कापताना ठिणग्या कुठे जातात ते पाहा, बऱ्याच जुन्या जीपांची टाकी चालकाच्या सीटखाली असते. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट खोलण्याआधी पाट्यांना दोन सी-क्लॅम्प लावावेत, नाहीतर पाटे उसळतात. रबरी बुश असतील तर शॅकलचे (पाट्याच्या दुसऱ्या टोकाच्या झुलत्या कडीचे) आणि हँगरचे बोल्ट आधी हातानेच लावून गाडी चाकांवर उतरवावी आणि मग आवळावेत. हवेत आवळले की उतरवल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात फाटतं. यू-बोल्ट तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळायचे आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

बोलेरोच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगला आणि जुन्या थारच्या टॉर्शन बारला (पीळ देऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याला) मात्र घरी हात लावू नये. दाबलेली स्प्रिंग तारेने किंवा दोरीने बांधून काढणारे लोक आहेत. ही हुशारी नव्हे.

इंजिन उतरवायला झाडाची फांदी वापरण्यापेक्षा बोअरची मोटर काढण्याची तिपाई आणि चेन पुली भाड्याने आणावी, जवळपास कुणाकडे तरी असतेच. डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून पाव टनाच्या वर जातं. शेवग्याची फांदी तर कडकन मोडते, निंबाचा भरवसा नाही, आणि मातीच्या घराच्या मयालीला पुली बांधणं म्हणजे छत अंगावर घेणं. तिपाईचे तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधावेत, नाहीतर भार आला की फाकतात. इंजिन वर आलं की त्याला झुलवत नेऊ नये. गाडीच मागे ढकलावी आणि इंजिन जागेवरच खाली उतरवावं.

खड्डा करून काम करायची पद्धतही आहे. जुन्या जीपला अडीच फूट रुंद पुरतो. काळ्या मातीत विटांनी न बांधलेला खड्डा पावसात ढासळतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते. आत २३० व्होल्टचा बल्ब नको, बारा व्होल्टचा एलईडी पुरतो. उतरण्याआधी काठी फिरवून साप-विंचू बघणं इथे कुणाला सांगायला नको.

काम करताना दुसरा जॅक गाडीबाहेर, हाताशी ठेवावा आणि तो चालवता येईल असं माणूस घरात असावं. गाडी कुणावर बसलीच तर त्याला ओढायचं नाही. दुसऱ्या जॅकने गाडी वर घ्यायची, ठोकळे सारायचे आणि १०८ ला फोन करायचा. काढलेलं चाक किंवा स्टेपनी नेहमी चेसिसखाली आडवी सारून ठेवावी. घोडी गेलीच तर गाडी त्या चाकावर थांबते आणि खालच्या माणसापुरती जागा राहते.

आपल्या दैनिकामार्फत दोन मागण्या. विदर्भातल्या बऱ्याच तालुक्यांत आयटीआय आहेत आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी मोटर मेकॅनिक, डिझेल मेकॅनिकचे वर्ग चालतात. तिथली वर्कशॉपं मार्च ते मे या महिन्यांत आठवड्यातला एक दिवस, बाजाराचाच धरा, गाडीमालकांना नाममात्र फी घेऊन, निदेशकाच्या देखरेखीत वापरू द्यावीत. आणि ज्या ग्रामपंचायतींनी धान्य वाळवायला काँक्रीटचे ओटे बांधले आहेत, त्यांनी हंगाम संपल्यावर त्यांचा एक कोपरा या कामाला मोकळा ठेवावा. ऑइल सांडू नये म्हणून खाली पत्रा टाकायची अट घालावी, दुसऱ्या कुठल्या खर्चाची गरज नाही.

आपला,
एक वाचक, परतवाडा