लांब पल्ला कुठून सुरू होतो?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रायफलसाठी किती मीटरला ‘लांब पल्ला’ म्हणायचं, असं तू विचारलंस. स्पर्धांपुरतं उत्तर सोपं आहे. पाल्मा या लांब पल्ल्याच्या रायफल स्पर्धेत ८००, ९०० आणि १००० यार्ड. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरच्या मैदानावर आयर्लंड आणि अमेरिकेचे संघ भिडले, तेही याच अंतरांवर. पण काडतूस न विचारता आकडा सांगणं म्हणजे पायी जायचंय की गाडीने हे न विचारता गाव जवळ की लांब ते सांगणं.

.२२ लाँग रायफल या छोट्या काडतुसाची स्पर्धेची गोळी निघतेच आवाजापेक्षा कमी वेगाने. तिला २०० मीटर म्हणजे लांबच. .३०८ विंचेस्टर या मोठ्या काडतुसाची १७५ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ७९० मीटरने सुटते आणि ९०० मीटरच्या आसपास आवाजाच्या वेगाजवळ येते. तिथे काही गोळ्या डगमगतात आणि पुढचा हिशेब कागदावरच राहतो.

माझी कसोटी वेगळी आहे: वाऱ्याच्या अंदाजातली चूक रायफलच्या स्वतःच्या विखुरणीपेक्षा मोठी झाली की लांब पल्ला सुरू. हीच .३०८ घे, एक मिनिटाचा ग्रूप देणारी, म्हणजे गोळ्यांचा पुंजका अंशाच्या साठाव्या भागात मावणारी. आडव्या वाऱ्याचा अंदाज सेकंदाला एक मीटरने चुकला, तर ३०० मीटरवर गोळी पाचेक सेंटिमीटर सरकते. ग्रूपची त्रिज्याही जवळपास तेवढीच. ६०० मीटरवर चूक २० सेंटिमीटर, त्रिज्या फक्त ९. ९०० वर चूक अर्ध्या मीटरवर जाते, त्रिज्या १३. कारण वारा गोळीला ढकलतो तो तिच्या उशिराच्या प्रमाणात: प्रत्यक्ष उड्डाणाचा वेळ, वजा वेग न घटता लागला असता तो वेळ. हा उशीर अंतराच्या पटीने नाही, त्याहून झपाट्याने वाढतो. म्हणून सुटतानाच्या वेगापेक्षा वेग टिकवणारी, निमुळती गोळी महत्त्वाची. लोक उगाच वेगामागे धावतात.

आता कामाचं. १०० मीटरवर झिरो कर, म्हणजे नेम आणि मार एका जागी जुळव, पण तीन गोळ्यांवर नको, दहा झाड. तीनचा ग्रूप खुशामत करतो. वेग क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोज. गोळी-गोळीत १० मीटर प्रतिसेकंद फरक असेल, तर १०० वर कळतही नाही. ९०० वर तोच २५ ते ३० सेंटिमीटर वर-खाली दिसतो. तिथपर्यंत पोचायला स्कोपमध्ये (नेमाच्या दुर्बिणीत) कोनाची ३८-४० मिनिटं चढवावी लागतात. सपाट बेसवर (स्कोप बसवायच्या पट्टीवर) पुष्कळ स्कोप त्याआधीच अडतात, म्हणून २० मिनिटं उतार असलेला बेस लाव. स्कोपवर लेव्हलचा बुडबुडाही हवाच: एवढी मिनिटं चढवलेली असताना रायफल एका अंशाने कलली तरी गोळी १७-१८ सेंटिमीटर बाजूला जाते, आणि दोष बिचाऱ्या वाऱ्याला लागतो. अंतर लेझरने मोज. त्या टप्प्यात गोळी इतकी तिरकी उतरते, की १० मीटरच्या चुकीला २० सेंटिमीटर खाली-वर.

वारा वाचायला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे लक्ष्य पाहायची वेगळी दुर्बीण, लक्ष्याच्या थोडा अलीकडे फोकस कर; उन्हातल्या हवेच्या लाटा कुठे वाहतात ते दिसेल. त्या सरळ वर उकळताना दिसल्या तर वारा पडलाय किंवा तुझ्या रेषेतून वाहतोय, आणि बहुतेक वेळा बाजू बदलण्याच्या बेतात आहे. तेव्हा ट्रिगरवरून बोट काढ.

सुरुवात ३०० वरच कर. प्रत्येक गोळीआधी वाऱ्याचा अंदाज वहीत लिही, मग झाड. अंदाज लिहिल्याशिवाय गोळी कुठे लागली ते बघायचं नाही.

तुझा,
मित्र